ओठांतले गाऱ्हाणे

खाडीकाठी उभारलेल्या पत्र्याच्या बंद खोलीत मंद तांबडा दिवा जळत होता, आणि त्या उजेडात आबांचा चेहरा शाल्मलीला एखाद्या परक्या माणसाचा वाटू लागला होता. बाहेर भर दुपार होती; आत मात्र उन्हाचा कवडसाही चालणार नव्हता. पडद्यावर मातीच्या एका ठोकळ्याचे चित्र होते: असंख्य ठिपके, काही निळे, काही पिवळे, आणि त्यांच्या मधोमध वरून खाली उतरलेली एक सरळ काळी फट.

आबा, म्हणजे वेळसर गावचे मानकरी दिगंबर राऊळ, कौतुकाने आले होते. लेकीने काहीतरी शोधून काढले आहे म्हणून इस्त्रीचा सदरा घालून आले होते. आता त्या सदऱ्याची वरची गुंडी ते उगीचच काढत आणि लावत होते.

"हा आपल्या प्रलयाच्या गोष्टीतला बांध," शाल्मली पडद्याकडे बोट दाखवत म्हणाली. "चौदाशे वर्षांपूर्वीचा. समुद्राने बांध फोडला की कडा ढासळतात, माती विस्कटते. ही कड बघा. उभी आहे. तिच्यावर पात्याचे घाव आहेत, आणि ते पुसट व्हायच्या आत त्यांत वाळू भरली गेली आहे. बांध कोणीतरी कापला, आबा. आपल्या वरच्या वाडीच्या अंगाने."

"काळोखात काय दिसलं असेल त्यांना," आबा पुटपुटले. "रात्रीच्या पावसात स्वतःचा हात दिसत नाही माणसाला..."

"रात्र मी म्हटलं नाही."

गुंडीवरचा हात थांबला.

रात्रच होती, हे शाल्मलीला त्याच सकाळी कळले होते. गारगोटीचा कण मातीखाली गाडला गेला, की आसपासच्या खडकांतून झिरपणारा अतिसूक्ष्म किरणोत्सार तो आपल्यात साठवू लागतो. वर्षे जातात, शतके जातात, साठा वाढत राहतो. सूर्यप्रकाशाचा स्पर्श झाला, की तो सारा साठा ओसरतो आणि कण पुन्हा कोरा होतो. म्हणून असा कण अंधारातच उचलून आणायचा आणि त्याच्यावर ठरावीक प्रकाश टाकायचा. तो क्षणभर स्वतः उजळतो, आणि जितका उजळतो तितका काळ त्याला सूर्याविना गेलेला असतो. एवढे तर तिच्या जन्माआधीपासून ठाऊक होते. तिच्या संस्थेने घडवलेल्या कणवाचकाने पुढचे पाऊल टाकले. तो मातीचा अख्खा ठोकळा न विस्कटता, त्यातला प्रत्येक कण जागच्या जागी वाचत असे. कोण कोणाच्या शेजारी गाडला गेला, कोण उजेडातून आला आणि कोण काळोखातून काळोखात गेला, हे त्यामुळे दिसू लागले. खारवाडीच्या शेतांखाली बांधाच्या पोटातली चिकणमाती पंख्यासारखी पसरलेली होती. बांध घातल्या दिवसापासून जिने सूर्य पाहिला नव्हता, ती माती बाहेर पडली, वाहिली, विसावली आणि गाळाखाली गेली, आणि या साऱ्या प्रवासात उजेडाचा एक थेंबही तिच्या वाट्याला आला नव्हता. पाण्याच्या गढूळपणाचा हा परिणाम असेल, ही शंका शाल्मलीनेच काढली होती, आणि पंख्याच्या अगदी पातळ कडेवरचे कण पुन्हा वाचून तिनेच ती फेटाळली होती.

वेळसरच्या प्रलयाबद्दल तोवर अनेकांनी अनेक मते मांडली होती. कोणी म्हणत, अरबी समुद्रापलीकडच्या मकरानच्या समुद्रतळाशी भूकंप झाला आणि लाट इथवर आली. कोणी म्हणत चक्रीवादळ. एका विद्वानांनी तर प्रलय वगैरे काही झालाच नाही, पुराणातला मत्स्य कीर्तनकारांबरोबर कोकणात उतरला, असे लिहून विषय मिटवला होता. गाव मात्र आपली गोष्ट सोडत नव्हते. देव तारणेश्वर मासा होऊन खाडीत आला आणि बांधाआड थोडे पाणी मागू लागला. वरच्या वाडीने त्याला विहिरीत ठेवून घेतले. खारवाडीने तो रांधला. मग देवाने समुद्र सोडला. वरची वाडी होडीत बसून टेकडीला लागली आणि खारवाडी बुडाली. बुडालेल्यांतून जे चार जीव उरले त्यांच्या वंशजांनी दरवर्षी भाद्रपदातल्या पुनवेला खाडीपासून देवळाच्या पायरीपर्यंत लोटांगण घालायचे, असे ठरले. कोणी ठरवले, हे गोष्टीत नव्हते.

"तुम्हाला ठाऊक होतं," शाल्मली म्हणाली.

"माझ्या वडिलांनी मला गाभाऱ्यात नेलं तेव्हा कळलं. त्यांना त्यांच्या वडिलांनी." आबांचा आवाज शांत होता, तिला त्याचाच राग आला. "देवापुढच्या गाऱ्हाण्याचा एक भाग मोठ्याने घालतात, तो तू लहानपणापासून ऐकलास. दुसरा ओठांत. मानकऱ्याने एकट्याने, पिंडीला कपाळ लावून."

"काय असतं त्यात?"

आबांनी डोळे मिटले. गाऱ्हाणे घालताना त्यांच्या तोंडी नेहमीची भाषा राहत नसे. गावची जुनी बोली वर येई. "बा तारणेश्वरा, बांध तुझ्या रागान फुटूक नाय. आमच्या हातान फुटलो. काळोखात फुटलो. राऊळांनी फोडलो. तू बघलंस, तां कोणाक सांगा नको."

कणवाचकाचा पंखा फिरत होता. लहानपणी आबा पिंडीवर वाकत तेव्हा बाहेर सारे गाव श्वास धरून उभे राही, आणि देवाशी बोलू शकणारा हा माणूस आपला बाप आहे, या अभिमानाने तिचा ऊर भरून येई. त्या वेळी तो देवाला काय सांगत होता, ते आज तिला कळले.

"आम्ही देवापासून कधी काही लपवलं नाही, शालू."

"देवापासून नाही. खारवाडीच्या जुवाटकरांपासून लपवलंत."

"आणि सांगून काय केलं असतं? वादळ होतं, उधाण होतं. बांधाला अडलेलं पाणी आपल्या वाडीवर चढत होतं. ते न कापते तर वरची वाडी गेली असती. तू नसतीस. हे तुझं यंत्रही नसतं." ते उठले. दाराशी थांबून म्हणाले, "हे आणखी कोणी पाहिलं आहे?"

"अजून नाही."

ते गेले. 'अजून' हा शब्द आपण धमकी म्हणून वापरला की आश्वासन म्हणून, हे तिचे तिलाच ठरवता येईना.

प्रश्न गोष्टीपुरता असता तर तिने कदाचित स्वतःची समजूत घातली असती. पण समुद्र वर्षागणिक चढत होता. खारवाडीत आता साध्या भरतीलाही अंगणात खेकडे येत, आणि शाळेच्या भिंतीवर मिठाची पांढरी रेघ दर पावसाळ्यात वर सरके. शासनाचा सागरबंध मंजूर झाला होता आणि त्याच्या दोन आखण्या होत्या. एक टेकडीच्या पायथ्यालगतची: स्वस्त, झटपट, आणि खारवाडी बंधाच्या बाहेर. दुसरी जुन्या बांधाच्या रेषेवरून, खारवाडीला पोटात घेणारी. आयोगाने शाल्मलीच्या संस्थेकडे विचारणा केली होती: ही जमीन मुळातच समुद्राची आहे काय? प्राचीन महापुराने ती गिळली, असे खरे आहे काय? समुद्राने बांध फोडून ती नेली असेल, तर ती पुन्हा राखण्यात अर्थ नव्हता. माणसाने बांध कापला असेल, तर त्या वादळातही ती टिकली असती, हे उघड होते. सुनावणी पुनवेच्या दुसऱ्या दिवशी होती.

शाल्मलीने अहवाल लिहायला घेतला. पहिला मसुदा तिने सरळ लिहिला आणि वाचून पाहिला. 'वरच्या वाडीच्या बाजूने' या शब्दांशी ती अडखळली. तिथे आबांचा चेहरा होता, सदऱ्याची गुंडी होती. दुसऱ्या मसुद्यात तिने स्वतःला बजावले, की विज्ञानाने विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर द्यावे. महापूर आला होता काय? आला होता. तो समुद्राच्या पाण्याचा होता काय? होता. कापलेल्या बांधाचे तिने खोटे सांगितले नाही. त्याची सारी निरीक्षणे, सारे ठिपके, सारी चित्रे तिने पुरवणीत घातली आणि तिथे एक वाक्य लिहिले: 'बांधाच्या भंगात मानवी हस्तक्षेपाची शक्यता पूर्णतः नाकारता येत नाही.' ते लिहून झाल्यावर तिला हलके वाटले. ज्याला शोधायचे असेल त्याला सापडेल, असे ती मनाशी म्हणाली, आणि अहवाल पाठवला.

दुसऱ्या दिवशी केतकी जुवाटकर भेटली. दोघी एका बाकावर शिकलेल्या. केतकी तालुक्याच्या शाळेत भूगोल शिकवायची, आणि सुनावणीत खारवाडीच्या वतीने तीच बोलणार होती. कणवाचकासाठी चर खणला तो तिच्याच शेतात. बापाची, तातूंची, समजूत घालून तिनेच जागा दिली होती.

"काय गो डॉक्टरीण," स्कूटर खाडीकाठी लावत ती म्हणाली, "आमच्या पापाचो पुरावो गावलो मां?"

"केतकी, तसं काही नसतं गं."

"तू पुस्तकी बोला नको. पाणी इला होता काय नाय, तेवढा सांग."

"आला होता. खूप मोठा पूर होता."

"झाला तर!" केतकी हसली. तिचे हसणे मोठे आणि मोकळे होते. "तातूंका सांगतंय. म्हणतले, बघ, लोटांगणां फुकट जावक नाय. गेली पाच-धा वर्सां मी तेंका सांगतंय, गुडघे गेले, आता पुरे करा. तर माकाच म्हणतत, गो, मासो आपणच खाल्लो मां!" मग हसू आवरून तिने विचारले, "आणि बंध? तो खयसून घेतले? काय लिवलंस?"

"अहवाल गेला आहे. आयोग ठरवील."

"तू लिवलंस म्हणजे बरोबरच लिवलं असशील," केतकी म्हणाली आणि स्कूटर चालू केली. जाता जाता ओरडली, "शेतातलो खड्डो तेवढो बुजव गो! म्हशी पडतत!"

शाल्मली हात हलवत राहिली. स्कूटर दिसेनाशी झाल्यावरही तिचा हात वरच होता.

पुनवेच्या दिवशी देवळाचा मंडप भरून गेला होता. संस्थेच्या प्रसिद्धिपत्रकाचा मथळा कोणीतरी मोठ्या कापडावर छापून खांबांना बांधला होता: 'वेळसरचा प्रलय विज्ञानाने सिद्ध.' माणसे येत आणि शाल्मलीला हात जोडत. ज्या काकांनी तिच्या शिक्षणाला नाके मुरडली होती, ते आज सगळ्यांना सांगत होते, की देव खरा आहे हे आमच्या मुलीने यंत्राने दाखवून दिले. लाकडी होडी फुलांनी सजवून गाभाऱ्यासमोर ठेवली होती. ढोल वाजत होते.

आबांनी तिला बाजूला घेतले. "आजचं ओठांतलं तू घालायचं."

"मी?"

"मला मुलगा नाही, आणि असता तरी तुलाच सांगितलं असतं. तुला आता सगळं कळलं आहे. ज्याला कळतं त्यानेच ते वाहायचं असतं. बाई आजवर आत गेली नाही, तू जा. कोणी अडवणार नाही, मी बोललोय सगळ्यांशी." त्यांचा हात तिच्या खांद्यावर होता. बापाने आपल्याला आपला वारस मानले, या सुखाने तिने मान डोलावली. त्या सुखाचीच तिला पुढे सर्वांत अधिक लाज वाटत राहिली.

मग खारवाडी आली. खाडीपासून वर चढणाऱ्या वाटेवर माणसे आडवी पडत, उठत, पुन्हा आडवी पडत. सर्वांत पुढे केतकीचे वडील, तातू जुवाटकर. अंगावर फक्त पंचा, छाती चिखलाने माखलेली, आणि प्रत्येक वेळी उठताना गुडघ्याला आधार देणारा हात. केतकी त्यांच्या बाजूने चालत होती. ती स्वतः लोटांगण घालीत नसे; पण दरवर्षी त्यांच्याबरोबर चाले. तातू पायरीपाशी पोहोचले आणि कपाळ दगडाला लावून पडून राहिले.

आबांनी हात उंचावला. ढोल थांबले.

"बा देवा तारणेश्वरा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गावाने एका आवाजात साथ दिली.

"तुझो मासो आमच्या दारात इलो, तेका जेंणी रांधलो, तेंचो अपराध आज तुझ्या पायरेर ठेवलो आसा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

खारवाडीनेही 'व्हय' म्हटले. सर्वांत स्पष्ट आवाज तातूंचा होता. दगडाला कपाळ टेकलेले, त्यामुळे तो जमिनीतून आल्यासारखा वाटला. शाल्मलीने हे बालपणापासून ऐकले होते, आणि कधीच ऐकले नव्हते.

आबा बाजूला झाले. ती गाभाऱ्यात गेली. आत तेलाचा वास, ओली फुले, थंड दगड. बाहेर गावाने श्वास धरला. ती वाकली, पिंडीला कपाळ लावले आणि ओठ हलवले: "बा तारणेश्वरा..." शब्द इतके हळू निघाले, की तिला स्वतःलाही ऐकू आले नाहीत. तेवढ्यात तिला तो हलकेपणा आठवला, अहवाल पाठवतानाचा. ज्याला शोधायचे असेल त्याला सापडेल. तिनेही सारे सांगितले होते. जिथे ऐकायला कोणी नव्हते तिथे सांगितले होते. चौदाशे वर्षे राऊळ दगडाच्या कानात बोलत आले, आणि ती पुरवणीच्या. यंत्र नवे होते. बाकी घराण्याची रीत तिने चोख पाळली होती.

आपण धीट झालो असे तिला त्या क्षणी वाटले नाही. तिला फक्त ते हळू बोलता येईना. ती ताठ झाली, दाराकडे वळली, आणि गाऱ्हाणे मोठ्याने निघाले, आबांच्याच सुरात, कारण दुसरा सूर तिला येतच नव्हता.

"बा तारणेश्वरा, बांध तुझ्या रागान फुटूक नाय म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गाव म्हणाले.

त्यांनी ऐकले नव्हते. चाल ओळखीची होती, म्हणून तोंडे आपोआप उघडली होती.

"तो आमच्या हातान फुटलो म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आबांनी तिच्याकडे पाहिले. मान किंचित हलवली, नको, एवढेच.

"काळोखात फुटलो. राऊळांनी फोडलो, आणि खारवाडी बुडयली म्हाराजा!"

या वेळी साथ मध्येच तुटली. पुढच्या रांगांतले शब्द घशात अडकले; मागच्यांनी अर्धे म्हटले आणि ते एकमेकांकडे पाहू लागले. पायरीवरून मात्र एक आवाज पूर्ण आला, जुना आणि आज्ञाधारक.

"व्हय म्हाराजा."

तातूंनी तेही मान्य केले होते. त्यांना जे जे सांगितले गेले ते ते त्यांनी आयुष्यभर मान्य केले होते, आणि हेही त्याच स्वरात. शाल्मलीला वाटले, आपल्या घराण्याने बांध कापला ते एकदाच. हा 'व्हय' मात्र दरवर्षी कापून घेतला.

मंडपात कोणीतरी "काय म्हणाली ती?" असे विचारले. एक काका तावातावाने उठले आणि आबांकडे पाहून पुन्हा बसले. आबा होडीच्या काठाला धरून उभे होते. त्यांनी लेकीला अडवले नाही. तिच्याकडे पाहिलेही नाही.

ती पायऱ्या उतरली. तातूंपाशी वाकून म्हणाली, "तातू, उठा. मासा कोणी रांधला नव्हता. उठा आता."

त्यांनी तिचा हात घेतला नाही. केतकीने त्यांना काखेत धरून उठवले, ओढणीने कपाळावरचा चिखल पुसला, मग शाल्मलीकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर राग शोधू गेलेल्या शाल्मलीला तो सापडला नाही.

"ह्या तुका कधी कळला?"

"अहवालाच्या आधी."

"म्हणजे खाडीर माका भेटलंस तेव्हा तुका म्हायत होता."

"हो."

"माझ्या शेतात गावला." केतकीने एकेक शब्द वेगळा उच्चारला. "आणि अहवालात आसा?"

"आहे. पुरवणीत."

"पुरवणीत," केतकी म्हणाली. तिच्या वर्गात एखाद्या मुलाने चुकीचे उत्तर दिल्यावर ती असेच ते परत उच्चारत असेल. "मी तो अहवाल वाचलंय गो. तुझा नाव बघून वाचलंय. पुरवणी उघडूक नाय. शालून लिवल्यान म्हटल्यार उघडूची कित्याक?"

तातू मधे उभे होते, दोघींकडे आळीपाळीने पाहत. ओला पंचा त्यांच्या मांड्यांना चिकटला होता आणि ते कुडकुडू लागले होते.

"तो मी मागे घेते," शाल्मली म्हणाली. "आजच कळवते आयोगाला. उद्या सुनावणीत मी स्वतः उभी राहीन, सगळं सांगेन. बंध तुमच्या बाहेरून जाईल, खारवाडी आत राहील. त्याला हा पुरावा पुरेसा आहे, केतकी, मी सांगते तुला." आपण आश्वासन देत आहोत की काही मागत आहोत, हे तिला कळत होते, आणि तरी थांबता येत नव्हते. "तू येशील ना माझ्याबरोबर? एकत्र जाऊ. येशील?"

केतकीने अंगावरची ओढणी काढून बापाच्या उघड्या खांद्यांवर टाकली, तिची दोन्ही टोके त्यांच्या छातीशी नीट बांधली. मग त्यांचा दंड धरला, आणि ज्या वाटेने ते लोटांगण घालीत वर आले होते त्या वाटेने ती त्यांना चालवत खाली घेऊन गेली.